गडग्यापलीकडचा आवाज

प्रेसचा आवाज बदलला तो मंगळवारी. मी बदल ऐकला आणि कानस पुन्हा चालवायला लागलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घेऊ नये.

माझं शिक्षण चौथी. त्यातही शेवटचं वर्ष शाळेत कमी आणि दुसऱ्यांच्या गुरांमागे जास्त गेलं. पण लोखंडातलं मला कुणी शिकवू नये, हे तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं अंधेरी पूर्वेला कारखान्यांच्या गल्लीत माझा एक गाळा होता. वारा पार्ल्याकडून आला की बिस्किटांचा गोड वास आत यायचा, नाहीतर आमचा आमचा तेलाचा आणि पितळेचा. गाळ्यात माणसं दोन. एक मी, दुसरा माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याची गावची नोकरी सुटली तेव्हा बायकोने एवढंच म्हटलं होतं, की त्याला तुमच्याजवळ ठेवा, त्याला दोन पोरी आहेत. ठेवला. आमचं बोलणं मालवणीतलं. इथे सगळ्यांना कळेल असं लिहितो.

आम्ही कंदिलाचे बर्नर बनवायचो. कंदिलाची वात ज्या पितळी भागातून वर येते तो बर्नर. त्याच्या टोप्या, चकत्या, जाळ्या, सगळं पितळी पत्र्यातून ठोकून काढायचं. यात कामं दोन. पहिलं काम डाय करायचं. डाय म्हणजे पोलादाचा साचा, केसाएवढी चूक झाली तर माल फुकट. दुसरं काम प्रेसवर बसायचं. प्रेसला बाजूला एक मोठं चाक, ते मोटरवर सारखं फिरत असतं. पायडल दाबलं की त्या चाकाचा जोर एक जड ठोकळा खाली आणतो, ठोकळा पत्र्यावर बसतो, नग तयार. पाय उचलला की ठोकळा वर थांबतो. मग हात आत घालायचा, नग काढायचा, पत्रा पुढे सरकवायचा, हात बाहेर, पाय खाली. दिवसात हजारो वेळा तो हात ठोकळ्याखाली जातो आणि बाहेर येतो. चिमट्याने नग काढायचा असा नियम असतो. चिमट्याने वेळ लागतो, म्हणून चिमटा खिळ्याला टांगलेला असतो.

आधी आम्ही दोघंही दोन्ही कामं करायचो. ज्याची डाय त्याने ती प्रेसवर चढवायची, त्यानेच माल काढायचा. मला एक डाय करायला दोन दिवस लागायचे, मेहुण्याला दहा, आणि वर त्यातलं वाकडंतिकडं मलाच नीट करायला लागायचं. प्रेसवर मी दिवसाला पाच हजार नग काढायचो, तो चार हजार. म्हणजे दोन्हींत मीच वर. ते मी त्याला विसरू देत नव्हतो.

माल घ्यायचा तो घाटकोपरचा एक शेठ. बर्नर त्याच्याकडून कंदिलाच्या कारखान्यात जायचे आणि कंदील बोटीने आफ्रिकेत. शेठ अंगाने बारीक, सफारी घातलेला, बोलणं हळू. एकदा तो गाळ्यात स्टुलावर बसून अख्खी सकाळ आमच्याकडे बघत राहिला. मी प्रेसवर होतो, मेहुणा कोपऱ्यात डायशी झटापट करत होता. चहा आला तेव्हा शेठ मला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही दोन दिवस प्रेसवर बसलात तर दहा हजार नग येतात, पण तुमची एक अख्खी डाय जाते. हा दोन दिवस बसला तर आठ हजार येतात. आणि जातं काय? त्याच्या हातून झाला असता तो डायचा पाचवा हिस्सा, तोही वाकडा."

मी म्हटलं, माझ्यापेक्षा दोन हजार कमी येतात ते कोण भरणार.

"ती डाय भरणार, जी तुम्ही तेवढ्यात केलीत. तुमच्या डायला गल्लीभर गिऱ्हाईक आहे."

"म्हणजे मी चांगलं करतो म्हणून मी करायचं नाही?"

शेठ हसला नाही. म्हणाला, तुम्ही दोन्हींत सरस आहात, पण डायमध्ये फार सरस आणि प्रेसमध्ये थोडे. तो दोन्हींत कच्चा, पण प्रेसमध्ये कमी कच्चा. ज्यात तो कमी कच्चा आहे ते त्याला देऊन टाका. तो तुमच्यापेक्षा हुशार असायची गरजच नाही.

मेहुणा हे सगळं ऐकत होता. कच्चा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

मग शेठ म्हणाला की देशादेशांचंही हेच असतं. ज्या मुलखात आपले कंदील जातात तिथल्या लोकांना पत्रा ठोकता येणार नाही असं थोडंच आहे. पण ते त्यात बसले तर त्यांची काजूची बाग कोण बघणार. म्हणून त्यांचे काजू बोटीने इकडे, आपले कंदील बोटीने तिकडे, आणि दोघांकडे दोन्ही जास्त.

आता काजूवर मला कुणी सांगावं? मी वेंगुर्ल्याकडचा. म्हटलं, शेठ, काजू आमच्या दारात पिकतो, तो आफ्रिकेतून कशाला आणायचा.

"तुमच्याकडे काजूपेक्षा जास्त, काजू फोडणारे हात आहेत. स्वस्त आणि चपळ."

हे खरं होतं. माझी आई काजूच्या कारखान्यात बसायची. काजूच्या सालीत चीक असतो, तो कातडी खातो. राख आणि तेल लावूनसुद्धा तिची बोटं काळी पडलेली, टोकांची साल निघालेली. ती आम्हाला जेवताना भात कालवून द्यायची नाही, चमच्याने द्यायची. शाळेतले बाकीचे आईच्या हातचं जेवतात आणि आम्ही चमच्याने, याची मला लहानपणी ऐट वाटायची. कारण पुढे कळलं. चहा थंड झाला होता तो प्यालो.

चार महिने मी शेठचं ऐकलं नाही. माझा स्वभावच तसा. मग एकदा मीच बसून, बोटांवर हिशेब करून पाहिला आणि शेठचं बरोबर निघालं. ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. दसऱ्याला यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी मेहुण्याला म्हटलं, आजपासून प्रेस तुझी, डायचं बाक माझं. नारळ दोन आणले होते. त्याने प्रेसला हळदकुंकू लावलं, मी बाकाला. आणि मी वर म्हटलं, "वाटणी झाली. आता मधे गडगा."

आमच्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला लागत नाही. भावाभावांत जमिनीची वाटणी झाली की मधे दगडांचा बुटका बांध घालतात, तो गडगा. कंबरेएवढासुद्धा नसतो, पोर उडी मारून जाईल. पण पलीकडे पडलेला आपल्या झाडाचा आंबासुद्धा कुणी उचलत नाही. माझ्या बापाने आणि चुलत्याने गडगा घातला, आणि पुढे चुलत्याच्या गोठ्याचा वासा किडलेला बापाला आमच्या पडवीतून दिसायचा. बाप बोलला नाही. गोठा बसला, बैल गेला. गावात बापाला कुणी वाईट म्हटलं नाही. त्याची हद्द त्याने पाळली, म्हणाले. शेठने सांगितलेली कामाची विभागणी आम्ही ही अशी केली. त्याने असा गडगा घालायला सांगितला नव्हता.

काम मात्र वाढलं, ते खोटं कशाला सांगू. मी बाकावरून उठेनासा झालो. आमच्या डाय झाल्या, मग शेजारच्या गाळ्यांच्या, मग मुलुंडहून माणसं विचारत येऊ लागली. मेहुणा सकाळी कानांत कापूस घालून प्रेसवर बसायचा तो दुपारच्या डब्याला उठायचा. सहा महिन्यांत तो पाच हजारांवर गेला, मग सहा. शेठ खूश. एकदा त्याने माझ्यासमोर मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, या गल्लीत असा हात नाही.

मला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी मी उठून प्रेसजवळ गेलो आणि त्याला चिमटा वापर म्हणून सांगितलं, पाठ वाकडी करून बसतोस म्हणून सांगितलं, चाकाला तेल कमी आहे म्हणून सांगितलं. तेल कमी नव्हतं. शेठ दारात उभा होता हे मला माहीत होतं. मेहुण्याने एका कानातला कापूस काढला.

"भावोजी, वाटणी झाली ना? तुमच्या डायला मी कधी हात लावला? गडग्याच्या पलीकडे रव्हा."

अहो-जाहो सोडून तो कधी बोलला नाही, तेव्हाही नाही. शेठ हसला. मी बाकावर परत आलो आणि ठरवलं, की यापुढे प्रेसला आग लागली तरी मी उठणार नाही.

त्या वाटणीत एक गोष्ट कुणाच्याच वाट्याला गेली नव्हती, ती म्हणजे प्रेसची दुरुस्ती. आधी मी रोज प्रेसवर बसायचो तेव्हा ती वेगळी करायला लागायची नाही. कुठे काय झिजतंय ते पायाला आणि कानाला कळायचं, मी संध्याकाळी खोलून ठीक करायचो. प्रेस जुन्या बाजारातून घेतलेली, तिचे चोचले मला ठाऊक. सगळ्यात जपायची ती तिच्या क्लचमधली बोटाएवढी पिन. पायडल दाबलं की ही पिन चाकात अडकते आणि ठोकळा खाली आणते, पाय उचलला की सुटते. पिन झिजली की कधीतरी आपली आपणच अडकते. मग पाय जमिनीवर असताना ठोकळा दुसऱ्यांदा येतो. कामगार म्हणतात, प्रेस डबल मारते. पहिला ठोका झाल्यावर आणि दुसरा यायच्या आत, मधे हात असतो.

मेहुण्याने क्लच कधी खोललेला नव्हता. आणि जो त्या आवाजात कानात कापूस घालून दिवसभर बसतो, त्याला रोजचा केसाएवढा बदल कळत नाही. तो मला बाकावरून कळतो. दहा-बारा हातांवरून.

मंगळवारी मी तो ऐकला. ठोका पडल्यावर, ठोकळा वर गेल्यावर, मागून एक बारीक टिक. बंद दाराआड कुणी कडी उचलून परत ठेवावी तसं. शंभर ठोक्यांत एकदा. माझी कानस थांबली. मेहुण्याची पाठ माझ्याकडे होती, उजवा हात आत जात होता, बाहेर येत होता. मी कानस पुन्हा चालवली.

बुधवारी पन्नासात एकदा. मी मनाशी म्हटलं, पिन अजून महिना काढेल. गुरुवारी गल्लीत कुणाच्या तरी गाळ्यात सत्यनारायण होता, मेहुणा प्रसाद घेऊन आला. त्याने पुढे केलेल्या द्रोणाकडे बघायच्या ऐवजी मी त्याच्या हाताकडे बघितलं. पितळेने हिरवट झालेली नखं, अंगठ्याला जुना कापलेला व्रण. तो म्हणाला, काय बघताय. मी म्हटलं, काही नाही, प्रसाद कमी आहे. तो हसला आणि अर्धा स्वतःच्या द्रोणातला घातला.

माल चढवायची बोट ठरली होती, प्रेस बंद ठेवून चालणार नव्हतं, असंही मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. पिन माझ्या बाकावर एका दिवसात झाली असती. खरं एवढंच की तो विचारायला येईल याची मी वाट बघत होतो. भावोजी, जरा बघा हो, एवढं त्याने म्हणायला हवं होतं. पण जे ऐकूच येत नाही त्याबद्दल माणूस विचारणार कसा, हे मला तेव्हाही कळत होतं.

रविवारी सुट्टी. तो पोरींना घेऊन आमच्याकडे जेवायला आला. बायकोने बांगड्याचं तिखलं केलं होतं. धाकटीला तो काटे काढून देत होता, एक एक काटा दोन बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे बघायचा, मग ताटाच्या कडेला. बायको म्हणाली, पाटावर बोटं काय वाजवताय सारखी. मी बघितलं तर खरंच वाजवत होतो. एक जोरात, मग थांबून एक हलकं. बायकोने विचारलं, कसला ताल आहे हा. मी म्हटलं, कसलाच नाही. मेहुणा काटे काढण्यात गुंग होता.

सोमवारी विसात एकदा. मंगळवारी, म्हणजे आठव्या दिवशी, मी सकाळपासून एकही काम धड केलं नाही. पोलादावर कानस घासत होतो आणि आकडे मोजत होतो. बारा. नऊ. दहा. दुपारचा डबा झाला. तो परत बसला. सात. पाच. मग एका ठोक्यामागे लागोपाठ दोनदा टिक आलं आणि मी उठलो.

बाकापासून प्रेसपर्यंत जायला किती वेळ लागतो? मला अजून त्या वाटेतली प्रत्येक पावलाखालची पितळेची कात्रणं आठवतात. मी मेन स्विच खाली ओढला. मोटर बंद झाली, पण चाक आपल्या जोरावर फिरतच होतं. ते लगेच थांबत नाही. मेहुणा रागाने माझ्याकडे वळला आणि वळता वळता त्याचा हात सवयीने आतला नग काढायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं.

"थांब. चाक थांबू दे."

तो काहीतरी बोलणार होता. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते, पायडलपासून लांब. माझ्या मुठीत त्याचं मनगट. आणि ठोकळा खाली आला. आपला आपण. धप. मग वर गेला, एक फेरा थांबला, आणि पुन्हा खाली आला. टोपीचा नग दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला कागदासारखा झाला. आम्ही दोघंही बघत होतो. चाक मंदावलं, मग थांबलं. गाळ्यात एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

मी क्लच खोलला. पिन काढली. तिची कड जिथे काटकोनात असायला हवी तिथे गोल, चाटून चाटून झालेल्या खडीसाखरेसारखी. ती त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने दोन्ही कानांतला कापूस काढून खिशात ठेवला. मला वाटलं, आता हा पाया पडेल. खरंच असं वाटलं मला.

त्याने विचारलं, "तुम्ही कधीपास्‌न ऐकत होतात?"

आत्ताच ऐकलं, एवढे दोन शब्द होते. त्याने विश्वास ठेवला असता. पण मी खोटं बोलत नाही याचा मला माज होता, आणि तो माज त्या वेळीही उतरला नाही.

"आठ दिवस झाले."

त्याने मान हलवली. बहुतेक मनात मोजत असावा, दिवसाला किती वेळा हात आत गेला ते. मग तो नळाशी गेला. हाताला रॉकेल लावलं, लाकडाच्या भुशाने चोळलं, साबणाने धुतलं. एक एक बोट वेगळं धुतलं. शर्ट बदलला, डबा घेतला. दारात थांबून म्हणाला, "काल-परवा जेवताना तरी सांगायचात." आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी चारकोपच्या एका गाळ्यात प्रेसवर बसला, असं कळलं. तिथे कुणाच्या तरी डाय, कुणीतरी दुसरा मिस्त्री.

बायकोला मी सांगितलं नाही, त्याने सांगितलं. त्या दिवाळीत भाऊबीजेला ती एकटीच भावाकडे गेली आणि मग दर वर्षी एकटीच. मला त्या आठ दिवसांबद्दल तिने एकदाच विचारलं, तेही पाठ करून, भाकऱ्या थापताना. रविवारी पाटावर वाजवत होता तो तोच आवाज का. मी हो म्हटलं.

नवी पिन मी एका दिवसात केली. मग दोन्ही कामं मीच केली. डायही मी, प्रेसही मी, दोन्ही त्याच्यापेक्षा चांगली. म्हणजे पुन्हा तेच, डायवर बसलो की प्रेस थांबायची, प्रेसवर बसलो की बाक. शेठने दोन बोटी मालाशिवाय जाऊ दिल्या आणि मग स्वच्छ सांगितलं, मिस्त्री, माझं काम तुमच्या अभिमानावर चालत नाही. तो माल दुसरीकडे गेला. पुढे ऐकलं की तयार बर्नरच दुसऱ्या कुठल्या देशातून थेट आफ्रिकेत जायला लागले, शेठलाही विचारेना कुणी. प्रेस मी विकली. घेणाऱ्याला पिन दाखवली, कशी झिजते ते समजावलं, दोनदा. डाय घरी आणल्या. प्रेसशिवाय डाय म्हणजे नुसता पोलादाचा गोळा, बायको त्यातली एक दार आपटू नये म्हणून दाराला लावायची.

शेठचं गणित चुकलं असं मी आजही म्हणत नाही. ज्याने त्याने आपलं काम करावं, अदलाबदल करावी, दोघांचं वाढतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण वाटणी करताना एकाच्या वाट्याला बाक येतं आणि एकाच्या वाट्याला ठोकळ्याखाली हात घालणं येतं, आणि टिक ऐकू येतं ते बाकावरच्याला. देशांचंही तसंच असेल तर, कुठला देश बाकावर आहे आणि कुठला प्रेसवर, ते मला माहीत नाही. मी चौथी शिकलेला. माझ्या आईचे हात कुठल्या बाजूला होते तेवढं माहीत आहे.

मेहुण्याच्या धाकट्या पोरीचं लग्न बोरिवलीच्या हॉलमध्ये झालं तेव्हा बोलावणं आलं, बायकोच्या नावाने. मीही गेलो. मंगलाष्टकांच्या आधी अक्षता वाटत तो रांगेतून येत होता. केस पांढरे झालेले. माझ्यासमोर आला, थांबला, आणि मी हात पुढे केल्यावर त्याने माझ्या तळहातावर अक्षता घातल्या. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो. अंगठा, आणि चार. मग ताट धरलेल्या डाव्याकडे बघितलं. मी मोजतोय हे त्याला कळलं. त्याने उजवी मूठ मिटली आणि पुढच्या माणसाकडे गेला.